नफ्याची वांटणी, उंसाचा भाव आणि प्राप्तिकराचें पत्रक

भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास सहकारी साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा उरकतात, आणि दिवाळीच्या आधीं सभासदाच्या बँकेच्या पुस्तकांत कांहीं रकमा जमा होतात. एक असते मागील गळितास घातलेल्या उंसाच्या शेवटच्या हप्त्याची, दुसरी ठेवीवरील व्याजाची, तिसरी भागावरील लाभांशाची, म्हणजे ज्यास आपण डिव्हिडंड म्हणतों त्याची. घरांत या सर्वांस एकच नांव असतें, 'कारखान्याचे पैसे'. त्यांतून सोसायटीचें देणें भागतें, खताची उधारी फिटते, आणि कोणती रक्कम कशाची होती हें पुढील महिन्यांत कोणाच्या ध्यानांतही राहत नाहीं. प्राप्तिकराच्या पत्रकांत मात्र या तीन रकमांचीं तीन नांवें आहेत आणि तिन्हींच्या कराचा हिशेब निराळा आहे. एवढेंच असतें तर हा विषय आम्ही हिशेबनिसांवर सोडला असता. परंतु भाव कोणता व नफ्याची वांटणी कोणती, या एका प्रश्नावरून सहकारी साखर कारखाने व प्राप्तिकर खातें यांच्यांत कित्येक वर्षें वाद चालला. आणि तो मिटवितांना केंद्र सरकारनें जी सवलत दिली तिचा अंदाज जवळजवळ दहा हजार कोटि रुपयांचा सांगण्यांत आला. ही रक्कम पाहिली म्हणजे नांवाला काय किंमत असते तें कळतें.

प्रथम धंदा करणाऱ्या संस्थेच्या बाजूनें पाहूं. कारखाना, कंपनी किंवा सोसायटी आपल्या पत्रकांत वर्षाची जमा दाखविते, त्यांतून धंद्यासाठीं झालेला खर्च वजा करिते, आणि राहील त्या नफ्यावर कर भरते. कच्चा माल विकत घेण्यास दिलेली किंमत हा खर्च होय; म्हणून उंसाचा भाव नफा काढण्यापूर्वीं वजा होतो. लाभांश हा खर्च नव्हे. नफा ठरला, त्यावर कर दिला, राखीव निधि बाजूस काढला, आणि त्यानंतर जें उरलें तें मालकांनीं आपसांत वांटून घेतलें, असा त्याचा अर्थ आहे. म्हणून तो खर्चाच्या रकान्यांत नव्हे, तर नफ्याच्या विनियोगांत लिहावयाचा असतो. एखाद्या चिटणिसानें तो चुकून खर्चांत घातला, तर पत्रक तपासणारा अधिकारी तेवढी रक्कम नफ्यांत परत मिळविणार, हें ठरलेलें.

आतां हा फरक रुपयांत मांडूं. समजा, एका कारखान्याजवळ हंगामाचा सर्व खर्च भागून एक कोटि रुपये शिल्लक आहेत. ते उंसाचा भाव म्हणून योग्य रीतीनें दिले तर कारखान्यास त्यावर कर नाहीं, आणि शेतकऱ्याच्या हातीं ते आपल्या शेतांतील मालाची किंमत म्हणून, अर्थात् शेतीचें उत्पन्न म्हणून पडतात. तेच नफा म्हणून ठेवले, आणि सहकारी संस्थांस २०२०-२१ या वर्षापासून खुला झालेला २२ टक्क्यांचा दर कारखान्यानें पत्करलेला असला, तर अधिभार व उपकर धरून सुमारें २५ लक्ष १७ हजार रुपये प्रथम सरकारजमा होतात. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याप्रमाणें निव्वळ नफ्याचा निदान चौथा हिस्सा राखीव निधींत घालावा लागतो. त्यानंतर लाभांशाची पाळी. आणि तोही १५ टक्क्यांपलीकडे सहसा देतां येत नाहीं. शेवटीं जो लाभांश सभासदाच्या हातीं येतो त्यावर त्याच्या इतर उत्पन्नाच्या मानानें पुन्हां कर. शिवाय भाव टनावर मिळतो व लाभांश भागावर. ज्यानें शंभर टन ऊंस घातला व ज्यानें एक कांडेंही घातलें नाहीं, त्या दोघांचे भाग सारखे असल्यास लाभांश सारखाच.

तेव्हां सर्व शिल्लक भाव म्हणूनच वांटावी अशी कारखान्याची इच्छा असणें स्वाभाविक आहे, आणि खात्यास तिचा संशय येणें हेंही तितकेंच स्वाभाविक आहे. कारण येथें माल विकणारा व कारखान्याचा मालक एकच. बाजारांत विकणारा भाव वर ओढतो, घेणारा खालीं ओढतो, आणि त्या ओढाताणींत खरी किंमत उघड होते. सहकारी कारखान्यांत ही ओढाताण बरीचशी नाहींशी होते, व किंमत कोठें संपली आणि नफा कोठें सुरू झाला हें बाहेरच्या मनुष्यास दिसत नाहीं. खरें बोलावयाचें तर आंतल्या मनुष्यासही तें नेहमींच दिसतें असें नाहीं.

वादाचें मूळ जुनें आहे. १९६६ च्या ऊंस नियंत्रण हुकुमाप्रमाणें केंद्र सरकार उंसाचा किमान भाव ठरवीत असे. भार्गव आयोगाच्या शिफारशीवरून १९७४ सालीं त्या हुकुमांत '५ अ' हें कलम घालण्यांत आलें, आणि हंगाम संपल्यावर कारखान्याच्या प्राप्तींतील कांहीं वांटा अधिक भाव म्हणून उत्पादकास द्यावा असें ठरलें. महाराष्ट्रांतील सहकारी कारखाने किमान भावाहून अधिक भाव देत आले. खात्यानें भूमिका घेतली ती अशी कीं, किमान भावापर्यंतची रक्कम हीच किंमत. त्यावरील रक्कम ही सभासदांस केलेली नफ्याची वांटणी असून तिला भाव हें नांव नुसतें दिलें आहे. कारखान्यांचें उत्तर असें कीं, हंगामानंतर ठरला एवढ्यानें भाव हा भाव राहत नाहीं काय? पुढें २००९ सालीं किमान भावाच्या जागीं रास्त व किफायतशीर भाव, ज्यास आपल्याकडे एफ. आर. पी. म्हणतात, तो आला आणि '५ अ' कलम गेलें. परंतु मागील वर्षांचे दावे गेले नाहींत.

तासगांव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें ५ मार्च २०१९ रोजीं निकाल दिला, तेव्हां दोघांपैकीं कोणाचेंच म्हणणें पूर्णपणें मान्य झालें नाहीं. '५ अ' प्रमाणें भाव ठरवितांना कारखान्याचा नफाही हिशेबांत धरलेला असतो. तेव्हां अधिक भावांतील जेवढा अंश नफ्यांतून आला तेवढी नफ्याची वांटणी, ती खर्च म्हणून वजा होणार नाहीं. बाकीचा अंश किंमत, तो वजा होईल. आणि हे अंश किती, हें करनिर्धारण अधिकाऱ्यानें त्या त्या कारखान्याचे हिशेब व कागद पाहून ठरवावें, असा त्या निकालाचा आशय आहे. तत्त्व म्हणून हा निकाल आम्हांस न्याय्य वाटतो. व्यवहारांत मात्र त्याचा अर्थ असा झाला कीं, ज्याच्या दप्तरांत जुने ताळेबंद, सभेचे ठराव व भाव ठरवितांना केलेले तक्ते नीट जपलेले असतील त्याची बाजू उभी राहील, आणि ज्याचे कागद वाळवीनें खाल्ले त्यास अधिकाऱ्याचा अंदाज मुकाट्यानें घ्यावा लागेल.

या अडचणींतून वाट काढली ती कायद्यानें. सरकारनें ठरविलेल्या किंवा मान्य केलेल्या भावापर्यंत उंसासाठीं दिलेली रक्कम सहकारी साखर कारखान्यास खर्च म्हणून वजा करतां यावी, अशी तरतूद २०१५ च्या वित्त कायद्यानें केली व ती २०१५-१६ च्या हिशेबी वर्षापासून लागू झाली. 'मान्य केलेला भाव' म्हणजे काय याविषयीं शंका उरली होती. ती २५ ऑक्टोबर २०२१ च्या परिपत्रकानें दूर केली, आणि राज्य सरकारनें कायद्यानें अगर हुकुमानें ठरविलेला भाव केंद्राच्या भावाहून अधिक असला तरी चालेल असें स्पष्ट केलें. राहतां राहिलीं २०१५ च्या आधींचीं वर्षें. त्या वर्षांच्या उंसाच्या रकमाही खर्च म्हणून मागतां येतील असें अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीं १ फेब्रुवारी २०२३ रोजीं अंदाजपत्रक मांडतांना जाहीर केलें. आरंभीं जो दहा हजार कोटींचा आंकडा दिला तो याच सवलतीचा.

परंतु एवढ्यावरून कारखान्यानें उदार होऊन जाहीर केलेला प्रत्येक रुपया या सवलतींत बसतो असें कोणीं समजूं नये. कायद्याचे शब्द 'ठरविलेला किंवा मान्य केलेला' असे आहेत. महाराष्ट्रानें २०१३ सालीं ऊंसदराचा स्वतंत्र कायदा केला असून त्यांत साखर व उपपदार्थ यांच्या उत्पन्नाचा ७० टक्के, अथवा एकट्या साखरेच्या उत्पन्नाचा ७५ टक्के भाग उंसाकडे जावा, असें सूत्र आहे. या सूत्राप्रमाणें निघालेला व मान्यता मिळालेला दर एका बाजूस, आणि निवडणुकीच्या वर्षांत सभेंत टाळ्यांच्या गजरांत वाढविलेला दर दुसऱ्या बाजूस. दुसऱ्यास मान्यतेचा कागद नसला तर जुना वाद पुन्हां उभा राहण्यास जागा आहे, आणि तो कर शेवटीं सभासदांच्याच खिशांतून जाणार आहे. संचालकांस हा प्रश्न सभेंत विचारावयास सभासदानें संकोच करूं नये.

आतां पैसे घेणाऱ्याच्या बाजूनें पाहूं. शेतकऱ्यांत एक समजूत फार पसरलेली आहे: कंपनी शेतीचा माल पिकविणारी किंवा शेतमालावर चालणारी असली कीं तिचा लाभांशही शेतीचें उत्पन्न होतो व त्यावर कर नाहीं. ही समजूत चुकीची आहे, आणि ती चुकीची असल्याचा निर्णय सत्तर वर्षांमागेंच लागलेला आहे. मुंबईच्या श्रीमती बाचा गझदर यांचे चहाच्या मळ्यांच्या दोन कंपन्यांत भाग होते. १९४९-५० या हिशेबी वर्षांत त्यांस २,७५० रुपये लाभांश मिळाला. चहाच्या कंपनीचें ६० टक्के उत्पन्न शेतीचें व ४० टक्के धंद्याचें मानलें जातें, आणि कर फक्त ४० टक्क्यांवर लागतो. बाईंचें म्हणणें सरळ होतें: कंपनीच्या हातीं जें उत्पन्न ६० टक्के शेतीचें, तें माझ्या हातीं आल्यावर तितकेंच शेतीचें राहिलें पाहिजे, म्हणून माझ्या लाभांशापैकीं १,६५० रुपयांवर कर नसावा. मुंबई उच्च न्यायालयानें हें मानलें नाहीं, आणि २८ ऑक्टोबर १९५४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंही मानलें नाहीं.

कारण समजून घेण्यासारखें आहे. शेतीचें उत्पन्न तें, ज्याचा जमिनीशीं प्रत्यक्ष संबंध आहे. चहाचा मळा कंपनीचा आहे, भागधारकाचा नाहीं. भागधारक त्या मळ्यांतील एक झुडूपही आपलें म्हणूं शकत नाहीं. त्याचा हक्क कंपनीनें लाभांश जाहीर केल्यास तो मिळण्यापुरता. तेव्हां लाभांशाचें मूळ जमिनींत नसून भाग घेतांना झालेल्या करारांत आहे. भागीदारीच्या पेढीचा दाखला येथें लागूं पडत नाहीं, असेंही न्यायालयानें सांगितलें. कंपनी ही तिच्या भागधारकांहून निराळी व्यक्ति आहे. आपला शेतकरी गड्यास अर्धेलीनें जमीन देतो तेव्हां त्याच्या वांट्याचें धान्य शेतीचेंच उत्पन्न असतें, कारण जमीन त्याची आहे. साखर कारखान्याच्या भागाचें तसें नाहीं.

मध्यंतरीं कांहीं वर्षें हा प्रश्न बहुतेकांच्या विस्मरणांत गेला, त्यासही कारण आहे. १९९७ पासून, मध्यें एक वर्ष सोडून, २०२० पर्यंत कंपन्या लाभांश वांटतांना त्यावरील कर स्वतः भरीत, आणि साधारण भागधारकास तो करमुक्त मिळे. १ एप्रिल २०२० पासून ही पद्धत बंद झाली व लाभांशावरील कराचा भार पुन्हां घेणाऱ्यावर आला. सहकारी संस्थेच्या लाभांशास ती सूट मुळांतच नव्हती, कारण ती कंपन्यांच्या लाभांशापुरती होती. ही गोष्ट पुष्कळ सभासदांस ठाऊक नसते. आणखी एक घोटाळा असा: वर्षाचा लाभांश १०,००० रुपयांहून अधिक झाला तर कंपनी शेंकडा दहा कर कापून बाकी देते (३१ मार्च २०२५ पर्यंत ही मर्यादा ५,००० होती), आणि पॅन क्रमांक दिलेला नसल्यास शेंकडा वीस कापते. सहकारी संस्थेस लाभांशांतून अशी कापणी करण्याचें बंधन नाहीं. यावरून सभासद समजतो कीं कापला नाहीं त्या अर्थीं कर नाहीं. कापणें ही कर वसूल करण्याची एक रीत आहे. ती नसली म्हणून उत्पन्न करमुक्त होत नाहीं.

ज्या शेतकऱ्याचें शेतीचें उत्पन्न वर्षाला ५,००० रुपयांहून अधिक आहे त्यास प्राप्तिकराच्या पत्रकाचा पहिल्या क्रमांकाचा सोपा नमुना चालत नाहीं. धंदा नसल्यास दुसरा नमुना भरावा लागतो. त्यांत लाभांश 'इतर मार्गांनीं मिळालेलें उत्पन्न' या सदराखालीं जातो. लाभांश २०,००० व त्यांतून २,००० कापले असतील तर पत्रकांत २०,००० लिहावयाचे, १८,००० नव्हे. कापलेल्या २,००० ची वजावट कराच्या हिशेबांत निराळी मिळते. लाभांश केव्हां मिळाला याचेही पांच कालखंड पत्रकांत विचारलेले असतात. आगाऊ कर भरण्यास उशीर झाल्याचें व्याज आकारतांना, लाभांश हातीं येण्यापूर्वींच्या हप्त्यांचा बोजा पडूं नये, हा त्याचा उपयोग. शेतीचें उत्पन्न करमुक्त असलें तरी तेंही पत्रकांत दाखवावें लागतें, कारण इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेपलीकडे गेलें असतां दर ठरविण्यापुरतें तें मिळवून धरतात. म्हणजे मोठ्या बागाईतदाराच्या लाभांशावर लागणारा दर त्याच्या शेतीमुळें वाढूं शकतो. ज्याचें एकंदर उत्पन्न कराच्या मर्यादेंतच नाहीं त्यानें तसें विहित नमुन्यांत कंपनीस आधींच लिहून द्यावें. कर कापला गेल्यावर पत्रक भरल्यावांचून तो परत मिळत नाहीं.

शेतीबरोबर खताचें दुकान किंवा अडत चालविणाऱ्यांनीं आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावें. लाभांश बहुधा दुकानाच्याच बँक खात्यांत जमा होतो, आणि कीर्द लिहिणारा तो दुकानाच्या नफ्यांत घालून मोकळा होतो. तसें झालें असल्यास पत्रक भरतांना ती रक्कम धंद्याच्या नफ्यांतून कमी करून इतर सदरांत न्यावी लागते. ती दोन्हीं ठिकाणीं राहिली तर एकाच पैशावर दोनदां कर बसतो. आणि कंपनीनें कळविलेला आंकडा खात्याकडे आधींच पोंचलेला असल्यामुळें, योग्य सदरांत ती दिसली नाहीं तर विचारणेचें पत्र येतें.

गांवच्या विकास सोसायटीचा प्रकार थोडा वेगळा. तिचे भाग जिल्हा मध्यवर्ती बँकेंत असतात व तिला त्यावर लाभांश मिळतो. एका सहकारी संस्थेकडून दुसरीस मिळालेल्या लाभांशाची पूर्ण वजावट १९६१ च्या कायद्यानें दिली होती. पण ती मिळते जुनी दरपद्धति ठेवणाऱ्या संस्थेस. २२ टक्क्यांचा पर्याय घेतल्यास त्या कायद्याप्रमाणें ती जात असे. आणि २०१७-१८ च्या उत्पन्नापासून ही वजावट मुदतींत पत्रक भरणाऱ्या संस्थेसच आहे. 'आपल्याला कर नाहींच, मग पत्रकाची घाई कशाला' असें म्हणून स्वस्थ बसलेल्या चिटणिसांमुळें, ज्या संस्थांस एक पैसाही कर नव्हता त्यांवर कराची मागणी येऊं शकते. २०२५ सालीं नवा प्राप्तिकर कायदा मंजूर होऊन त्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून ठरला. त्यांत कलमांचे जुने आंकडे बदलले आहेत. तेव्हां जुन्या पत्रकावरून नवें उतरून काढण्याची संवय चिटणिसांनीं सोडलेली बरी.

आतां शेतकरी उत्पादक कंपन्यांकडे वळूं; कारण उंसांत जें घडलें तेंच कांदा, सोयाबीन व हळद यांत घडण्याची सोय त्यांच्या रचनेंतच आहे. कंपनी कायद्याच्या विशेष भागाखालीं २००३ पासून निघूं लागलेल्या या कंपन्या सभासदास तीन तऱ्हांनीं पैसा देऊं शकतात. मालाच्या भावापैकीं कांहीं भाग राखून ठेवून मागाहून देतां येतो. ती मालाची किंमत. भागभांडवलावर मर्यादित परतावा देतां येतो, तो लाभांश. आणि हें देऊन, राखीव निधि काढून, शिल्लक राहिल्यास ज्यानें जितका व्यवहार कंपनीशीं केला त्या प्रमाणांत अधिक रक्कम देतां येते. ही तिसरी रक्कम मालाच्या प्रमाणांत मिळते म्हणून ती भावासारखी दिसते. परंतु कायद्याच्याच भाषेंत ती शिलकेंतून द्यावयाची आहे. ती खर्चांत घालण्यापूर्वीं संचालकांनीं तासगांवचा निकाल समोर ठेवावा व जाणत्या हिशेबतपासनिसाचा लेखी सल्ला घ्यावा. १०० कोटींहून कमी उलाढालीच्या उत्पादक कंपन्यांस २०१८-१९ ते २०२३-२४ या सहा वर्षांपुरती नफ्यावर पूर्ण सूट होती, तोंवर या भेदानें कंपनीच्या करांत फारसा फरक पडत नव्हता. ती मुदत संपलेली आहे.

राखून ठेवलेला भाव देणार असल्यास, तो किती टक्के व कोणत्या अटीवर, हें माल घेण्याच्या वेळींच ठरावांत व पावतीवर लिहिलेलें असावें. वर्षअखेरीस नफा पाहून मग भाव आठवला, तर तो नफाच होता असें म्हणणाऱ्यास उत्तर देणें कठीण.

सभासदानें आपल्यापुरतें एवढें करावें: कारखान्याकडून किंवा कंपनीकडून आलेल्या प्रत्येक रकमेची चिठ्ठी मागून घ्यावी व तिच्यावर ती उंसाचा हप्ता, व्याज कीं लाभांश हें लिहून घ्यावें. कंपनीच्या वार्षिक सभेंत जाहीर झालेला लाभांश जाहीर झाल्या वर्षांत धरला जातो, मग तो उचलला पुढील वर्षीं असला तरी. आणि वडील वारले असतां त्यांच्या नांवचे भाग वारसांच्या नांवें करून घेण्यास उशीर करूं नये. मृताच्या पॅन क्रमांकावर कापला गेलेला कर मुलास आपल्या पत्रकांत मिळवितां मिळवितां दोन-तीन वर्षें सहज निघून जातात.